परदेशगमन व मिश्र लशी

परदेशीं निघालेल्या मनुष्याच्या घरची लगबग आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. आई लोणच्याच्या बरणीला दादरा बांधीत असते; वडील पारपत्र आणि तिकीट पुनःपुन्हां काढून पाहत असतात; शेजारीपाजारी येऊन न विचारलेले सल्ले देत असतात. या सर्व तयारींत एक गोष्ट मात्र बहुधा अखेरच्या आठवड्यासाठीं राखून ठेवलेली असते. ती म्हणजे लस टोचून घेणें. मग एकदम धांवपळ सुरू होते. कोणती लस घ्यावी, दोन लशींत अंतर किती ठेवावें, पहिली मात्रा एका जातीची घेतली असतां दुसरी निराळ्या जातीची चालेल काय, ताप आला तर प्रवास कसा करावा, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. एक हितचिंतक म्हणतो, "मिश्रण करूं नका, अंगावर येईल." दुसरा म्हणतो, "त्यांत काय आहे? सगळ्या एकदम टोचून मोकळे व्हा." दोघांचाहि हेतु चांगला, परंतु दोघांपैकीं कोणाचेंहि म्हणणें शास्त्राच्या कसास पुरतें उतरत नाहीं.

या शाळेंतून आज बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण उद्यां शिक्षणासाठीं किंवा चरितार्थासाठीं समुद्रापलीकडे जातील. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार येथें करावयाचा आहे. आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों. मिश्र लशींपासून जो त्रास डोळ्यांस दिसतो, तो बहुधा एक-दोन दिवसांचा पाहुणा असतो. अविचारानें केलेल्या मिश्रणाचा खरा तोटा डोळ्यांस दिसत नाहीं; आणि जें दिसत नाहीं त्याचीच काळजी अधिक घेतली पाहिजे.

लस व तिच्या जाती

शरीरांत रोगजंतु शिरले म्हणजे शरीर त्यांच्याशीं झुंजतें, आणि त्या झुंजीची आठवण पुढें दीर्घकाळ जपून ठेवतें. लस म्हणजे खऱ्या युद्धापूर्वीं शरीराला दिलेली कवाईत होय. शत्रूची नुसती ओळख करून द्यावयाची, परंतु त्याच्या हातीं शस्त्र राहूं द्यावयाचें नाहीं, हें लशीचें मूलतत्त्व. इंग्लंडांत जेन्नर यानें इ. स. १७९६ मध्यें गोस्तनदेवीच्या लशीचा प्रयोग केला. त्यानंतर सहाच वर्षांनीं, म्हणजे १४ जून १८०२ रोजीं, मुंबईस अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत या लशीनें देवी काढल्याचें तें पहिलें यशस्वी उदाहरण होय. त्या वेळीं लस एकाच जातीची होती. आज ती अनेक जातींची आहे, आणि मिश्रणाचा प्रश्न येथूनच उत्पन्न होतो.

पहिली जात जिवंत, परंतु दुबळ्या केलेल्या जंतूंची. पीतज्वराची लस आणि गोंवर, गालगुंड व जर्मन गोंवर यांची एकत्र लस या जातींत मोडतात. दुसरी जात मारलेल्या जंतूंची. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस व टोचून द्यावयाची पोलिओची लस हीं हिचीं उदाहरणें. तिसरी जात जंतूंच्या निर्विष केलेल्या विषाची. धनुर्वात व घटसर्प यांच्या लशी अशा आहेत. चौथ्या जातींत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून शत्रूची ओळख शरीरांत पाठवितात. यास विषाणुवाहक लस म्हणतां येईल. पुण्यास तयार झालेली कोव्हिशील्ड ही अशी लस होती. पांचव्या जातींत एम-आर-एन-ए नांवाच्या द्रव्याची लेखी आज्ञाच जणूं पेशींस दिली जाते, आणि पेशी त्या आज्ञेबरहुकूम शत्रूच्या अंगावरील एक खूण स्वतः तयार करून रक्षक पेशींस दाखवितात. फायझर व मॉडर्ना यांच्या कोव्हिडवरील लशी या जातीच्या होत.

'मिश्रण' या शब्दाचेहि दोन अर्थ आहेत, ते वेगळे ठेवले पाहिजेत. एकाच रोगावरील दोन मात्रा निराळ्या जातींच्या घेणें हा पहिला अर्थ. निरनिराळ्या रोगांच्या लशी एकाच दिवशीं किंवा थोड्या अंतरानें घेणें हा दुसरा. दोन लशी एकाच पिचकारींत एकत्र करणें हा मात्र या शब्दाचा अर्थच नव्हे. ज्या लशी कारखान्यांतूनच एकत्र करून येतात त्यांखेरीज तसें कधींहि करूं नये.

ताप कां येतो?

लस टोचल्यावर दंड दुखतो, अंग मोडून येतें, कधीं थंडी वाजून ताप भरतो. यांत नवीन असें कांहीं नाहीं. मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, सांथ चालू असतां डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्या रोगाची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम आपल्या स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. त्यांस ताप आला व टोचल्या जागीं वेदना झाल्या. दुसऱ्याच्या अंगाला सुई लावण्यापूर्वीं तिचा त्रास आपण सोसून पाहावा, ही त्यांची वृत्ति आजहि वंदनीय वाटते.

या तापाचें कारण असें. परकी वस्तु आंत येतांच रक्षक पेशी जागृत होऊन कांहीं रासायनिक द्रव्यें सोडतात. हीं द्रव्यें म्हणजे त्यांची हाकाटी होय. ती मेंदूपर्यंत पोंचली म्हणजे शरीराची उष्णता राखणारें केंद्र आपला कांटा वर सरकवितें. ताप हा लशीनें दिलेला रोग नव्हे. ती शरीराच्या पहारेकऱ्यांची आरोळी आहे. उलट पक्षीं, ताप आला नाहीं म्हणजे लस लागली नाहीं असेंहि समजूं नये. कित्येकांचें शरीर फारशी आरडाओरड न करतां आपलें काम चोख बजावतें.

इ. स. २०२१ सालचा अनुभव

एकाच रोगावर दोन जातींच्या लशी देण्याचा प्रश्न सर्व जगापुढें आला तो कोव्हिडच्या सांथींत. ऑक्सफर्ड व अ‍ॅस्ट्राझेनेका यांच्या विषाणुवाहक लशीनंतर फारच थोड्या लोकांस, परंतु गंभीर स्वरूपाच्या, रक्ताच्या गुठळ्या होतात असें त्या वर्षाच्या आरंभीं आढळून आलें. ज्यांनीं पहिली मात्रा या लशीची घेतली होती त्यांस दुसरी कोणती द्यावी, असा पेंच कित्येक देशांतील वैद्यांपुढें पडला.

याचा निकाल लावण्यासाठीं इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनीं पन्नास वर्षांवरील स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. कांहींस दोन्ही मात्रा एकाच लशीच्या, तर कांहींस चार आठवड्यांच्या अंतरानें निराळ्या लशींच्या दिल्या. मे २०२१ मध्यें त्यांचे पहिले आंकडे प्रसिद्ध झाले. दोन्ही वेळां अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस घेणाऱ्यांपैकीं दुसऱ्या मात्रेनंतर शेंकडा १० जणांनीं ताप आल्याचें कळविलें. पहिली अ‍ॅस्ट्राझेनेकाची व दुसरी फायझरची घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ३४ होतें. दोन्ही फायझरच्या घेणाऱ्यांत शेंकडा २१, तर पहिली फायझरची व दुसरी अ‍ॅस्ट्राझेनेकाची घेणाऱ्यांत शेंकडा ४१ जणांस ताप जाणवला. म्हणजे मिश्रणानें त्रास वाढतो ही लोकांची शंका निराधार नव्हती. परंतु हा त्रास बहुतेक पहिल्या ४८ तासांतच झाला, आणि त्यापायीं कोणासहि रुग्णालयांत ठेवावें लागलें नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. रक्तांतील प्रतिपिंडें, म्हणजे जंतूंस जखडून टाकणारीं द्रव्यें, मोजून पाहतां अ‍ॅस्ट्राझेनेकानंतर फायझर घेणाऱ्यांत तीं दोन्ही वेळां अ‍ॅस्ट्राझेनेका घेणाऱ्यांच्या सुमारें नऊपट आढळलीं. गंमत अशी कीं, त्याच दोन लशी उलट क्रमानें दिल्या असतां लाभ इतका मोठा झाला नाहीं. तेव्हां कोणत्या लशी घेतल्या एवढेंच महत्त्वाचें नसून कोणती आधीं व कोणती मागाहून घेतली, हेंहि महत्त्वाचें आहे. पुढील निरीक्षणांत असेंहि दिसलें कीं, अ‍ॅस्ट्राझेनेकानंतर फायझरची मात्रा चार आठवड्यांऐवजीं आठ ते बारा आठवड्यांनीं दिली तर तापाचा त्रास कमी होतो. घाईची किंमत शरीराला ताप सोसून भरावी लागते, हा यांतला बोध.

याच सुमारास आपल्या देशांत एक प्रयोग कोणाच्या मनांत नसतां घडून आला. मे २०२१ मध्यें उत्तर प्रदेशांतील सिद्धार्थनगर जिल्ह्यांत सुमारें वीस ग्रामस्थांस पहिली मात्रा कोव्हिशील्डची दिलेली असतां दुसरी चुकून कोव्हॅक्सिनची दिली गेली. कोव्हॅक्सिन ही मारलेल्या विषाणूंची लस, म्हणजे जातीनें अगदीं निराळी. गांवांत घबराट उडाली, आणि तें साहजिकच होतें. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या व भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनीं या लोकांपैकीं १८ जणांची तपासणी केली, आणि एकाच लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या चाळीस-चाळीस जणांच्या दोन गटांशीं त्यांची तुलना केली. मिश्र लस घेतलेल्यांस गंभीर त्रास झाला नव्हता. त्रास झाला तो इतरांसारखाच सौम्य होता, आणि त्यांची प्रतिकारशक्ति उलट अधिक चांगली आढळली. चूक ही चूकच. परंतु चूक झाल्यावर ती न दडवितां तिची मोजदाद केली म्हणून तींतून ज्ञान निर्माण झालें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अठरा ही संख्या लहान आहे हेंहि विसरतां कामा नये. एवढ्या थोड्या लोकांच्या अनुभवावरून सर्वांसाठीं नियम बांधतां येत नाहीं.

शरीराचा नियम व कागदाचा नियम

आतां प्रवासाकडे वळूं. कॅनडाच्या राष्ट्रीय लसीकरण समितीनें १ जून २०२१ रोजीं असें जाहीर केलें कीं, अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या पहिल्या मात्रेनंतर एम-आर-एन-ए जातीची दुसरी मात्रा घेण्यास हरकत नाहीं. त्यास अनुसरून पुष्कळ लोकांनीं मिश्र लस घेतली. पंतप्रधान ट्रूडो यांनीं स्वतःहि तसेंच केलें. परंतु प्रवासाची वेळ आली तेव्हां निराळीच अडचण उभी राहिली. शेजारच्या अमेरिकेच्या नियमांत अशा मिश्र मात्रा त्या वेळीं पूर्ण लसीकरणांत धरल्या जात नव्हत्या, आणि कित्येक प्रवासी जहाजांवरहि तसें प्रमाणपत्र चालेना. ज्याचें शरीर उत्तम रीतीनें सुरक्षित होतें, तो मनुष्य कागदावर असुरक्षित ठरला!

कांहींजण निव्वळ प्रवासासाठीं तिसरी मात्रा मागूं लागले, आणि क्वेबेक प्रांतानें जुलै २०२१ मध्यें तशी सवलतहि दिली. नीट विचार करतां ही केवढी विचित्र स्थिति होती! शरीराला जिची त्या वेळीं निकड नव्हती अशी मात्रा, तिच्या तापासह व तिच्या लहानशा का होईना पण धोक्यासह, केवळ शिक्क्यासाठीं घ्यावयाची! पुढें १५ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेच्या आरोग्यखात्यानें मिश्र मात्रा मान्य केल्याचें जाहीर केलें, आणि ८ नोव्हेंबर २०२१ पासून तो नियम अंमलांत आला. ज्यांनीं धीर धरला त्यांचें काम जादा मात्रेवांचूनच झालें. आपल्या लोकांसहि त्या वर्षीं असाच अनुभव आला. पुण्याच्या कारखान्यांतील कोव्हिशील्ड ही वस्तुतः ऑक्सफर्डचीच लस. तरी ती घेतलेल्या भारतीय प्रवाशांचें प्रमाणपत्र इंग्लंडांत ११ ऑक्टोबर २०२१ पर्यंत मानलें गेलें नाहीं.

हे निर्बंध आज इतिहासजमा झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं कोव्हिडची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, अमेरिकेनें त्याच महिन्यांत परदेशी प्रवाशांवरील लशीची अट काढून घेतली, आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाची ती लसहि पुढें बाजारांतून काढून घेण्यांत आली. परंतु त्या प्रसंगानें शिकविलेला धडा कायमचा आहे. प्रवाशाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. शरीराचा नियम एक, आणि कागदाचा नियम दुसरा. शरीराचा नियम निसर्गानें घालून दिलेला असल्यामुळें तो बदलत नाहीं; कागदाचा नियम मनुष्यांनीं केलेला असल्यामुळें तो देशागणिक निराळा असतो व कालांतरानें पालटतो. दोहोंचीहि चौकशी वेळींच करावी; परंतु कागदासाठीं शरीरावर जादा मात्रा लादण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

न दिसणारा तोटा

आतां मिश्रणाचा दुसरा अर्थ, म्हणजे निरनिराळ्या रोगांच्या लशी जवळजवळ घेणें. मारलेल्या जंतूंच्या किंवा निर्विष केलेल्या विषाच्या लशींबाबत येथें फारशी अडचण नसते. धनुर्वात, काविळीची अ-जात, टोचून द्यावयाची विषमज्वराची लस, या एकाच दिवशीं निरनिराळ्या जागीं टोचल्या तरी सहसा चालतें. दोन्ही दंड दुखतात, कदाचित् ताप थोडा अधिक येतो, इतकेंच.

दोन जिवंत लशींचा प्रकार मात्र वेगळा आहे. टोचून द्यावयाच्या दोन जिवंत लशी एक तर एकाच दिवशीं द्याव्या, नाहीं तर त्यांमध्यें निदान चार आठवड्यांचें अंतर ठेवावें, असा सर्वसाधारण नियम आहे. जिवंत लस हें एक बियाणें आहे. शरीराच्या शेतांत तें थोडें रुजावें तेव्हांच पीक हातीं येतें. पहिल्या लशीमुळें शरीर कांहीं दिवस सावध असतें, आणि विषाणूंची वाढ रोखणारीं द्रव्यें रक्तांत असतात. अशा वेळीं दुसरें बियाणें पेरलें तर तें रुजण्यापूर्वींच करपून जाण्याचा संभव असतो. इतकेंच नव्हे, तर पीतज्वराची व गोंवर-गालगुंडाची लस एकाच दिवशीं दिली असतांहि शक्ति थोडी उणी पडते, असें ब्राझीलमध्यें लहान मुलांवर केलेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. त्यामुळें सवड असेल तर त्या दोहोंत एक महिना जाऊं द्यावा, असें कित्येक तज्ज्ञ सुचवितात.

येथें तोटा कसा होतो पाहा. मनुष्यास ताप येत नाहीं, सूज येत नाहीं, कसलीहि पीडा होत नाहीं. तो खुशाल म्हणतो, "मला मिश्रणाचा कांहीं त्रास झाला नाहीं." परंतु दुसरी लस लागलेलीच नसते! कवच अंगावर आहे असें समजून तो रणांगणांत उतरतो, आणि कवच तर घरींच राहिलेलें असतें. तापाच्या भीतीनें आपण बेचैन होतों, पण या निमूट अपयशाची आपणांस दादहि नसते.

असेच आणखी दोन प्रकार सांगण्यासारखे आहेत. विषमज्वराची एक जिवंत लस तोंडानें घ्यावयाची असते. तिच्याबरोबर जंतुनाशक प्रतिजैविकें चालू असतील तर तीं लशींतील जंतूंनाच मारून टाकतात. दुसरा प्रकार विद्यार्थ्यांसाठीं विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेंतील कित्येक विद्यापीठें गोंवर-गालगुंडाच्या लशीच्या दोन मात्रा व क्षयाची तपासणी या दोन्ही गोष्टी मागतात. क्षयाची त्वचेवरील मांटू चांचणी गोंवराच्या लशीनंतर थोड्याच दिवसांनीं केली तर ती कांहीं काळ खोटा निर्वाळा देऊं शकते. म्हणून ही चांचणी लशीच्या दिवशींच किंवा तीपूर्वीं करावी. नाहीं तर चार ते सहा आठवडे थांबावें.

पीतज्वराचा दाखला

आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील कांहीं देशांत पीतज्वर आढळतो. डांसांमुळें पसरणारा हा रोग आपल्या देशांत नाहीं. परंतु तो पसरविणारी डांसांची जात येथें विपुल आहे. म्हणूनच आपलें सरकार या बाबतींत फार दक्ष असतें. पीतज्वराच्या देशांतून वैध दाखल्यावांचून येणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतां येतें. ही लस सरकारनें नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते, व तिची नोंद पिवळ्या रंगाच्या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेंत होते. टोचल्यापासून दहा दिवसांनीं हा दाखला वैध होतो, आणि ११ जुलै २०१६ पासून त्याची मुदत जन्मभराची ठरविण्यांत आली आहे. तेव्हां ज्याच्याजवळ जुना दाखला आहे त्यानें केवळ दहा वर्षें लोटलीं म्हणून ही लस पुन्हां घेण्याची सहसा गरज नाहीं.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. एका तरुणास १ ऑगस्ट रोजीं नोकरीसाठीं पूर्व आफ्रिकेस निघावयाचें आहे. त्यानें २० जुलै रोजीं दुसऱ्या एका कारणासाठीं गोंवर-गालगुंडाची लस घेतली, आणि २८ जुलैला त्यास पीतज्वराची आठवण झाली. आतां ती घ्यावी तर दोन जिवंत लशींत आठच दिवसांचें अंतर. दाखला वैध व्हावयास दहा दिवस हवेत आणि हातीं उरलेत चार. शिवाय लशीचा ताप ऐन प्रवासांत भरावयाचा. हाच मनुष्य जूनच्या आरंभीं वैद्याकडे गेला असता, तर दोन्ही लशी योग्य अंतरानें घेऊन, त्यांचा ताप घरच्या अंथरुणावर काढून, जुलैअखेर निश्चिंत मनानें सामान बांधीत बसला असता. दोष लशींचा नव्हे, मिश्रणाचाहि नव्हे. दोष दिरंगाईचा आहे.

सावधगिरीच्या खुणा

लशीपासून कधींच गंभीर अपाय होत नाहीं असें म्हणणें सत्यास सोडून होईल. क्वचित् कोणास लस टोचतांच थोड्या मिनिटांत श्वास कोंडणें, अंगावर गांधी उठणें, घेरी येणें असे प्रकार होतात. म्हणून टोचल्यावर पंधरा ते तीस मिनिटें तेथेंच बसून राहावें. घड्याळाकडे पाहून पळ काढूं नये. विषाणुवाहक लशीनंतरच्या गुठळ्यांचा उल्लेख वर आलाच आहे. एम-आर-एन-ए लशीनंतर क्वचित् हृदयाच्या स्नायूस सूज येते, आणि ती तरुण मुलग्यांत अधिक आढळली आहे. म्हणून छातींत दुखणें, धाप लागणें, असह्य डोकेदुखी किंवा पायास सूज, अशी लक्षणें लशीनंतरच्या दिवसांत वा आठवड्यांत दिसल्यास विलंब न लावतां वैद्यास गांठावें. पीतज्वराच्या लशीचे गंभीर परिणाम फार विरळ आहेत, परंतु साठीनंतर पहिल्यानेंच ती घेणाऱ्यांत त्यांचें प्रमाण वाढतें. गरोदर स्त्रिया व ज्यांची प्रतिकारशक्ति दुबळी आहे असे रोगी यांनीं कोणतीहि जिवंत लस वैद्यास न विचारतां घेऊं नये. धनुर्वाताची लस अल्पावधींत पुनःपुन्हां टोचली तर सबंध दंड सुजून येऊं शकतो; जुन्या नोंदी जपून ठेवल्या म्हणजे असा व्यर्थ त्रास टळतो.

साध्या तापास मात्र विश्रांति, भरपूर पाणी, आणि फारच त्रास झाल्यास वैद्यानें सांगितलेल्या प्रमाणांत पॅरासिटॅमॉल, एवढें पुरतें. ताप येईल या भीतीनें लशीपूर्वींच गोळी घेण्याचें कारण नाहीं.

आणखी एक इशारा देणें अगत्याचें वाटतें. परदेशीं पोंचल्यावर किंवा तेथून परतल्यावर ताप आला, तर "लस घेतली होती, तिचाच असेल" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. बहुतेक लशींचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. जिवंत लशींचा कधीं आठवड्या-दीड आठवड्यानें येऊन जातो. हिवतापाच्या देशांत गेलेल्या मनुष्याचा ताप हा, रक्त तपासून तसें नसल्याचें सिद्ध होईपर्यंत, हिवतापच समजावा. लशीच्या निमित्तानें खऱ्या रोगाकडे दुर्लक्ष झालें, तर तो लशीचा सर्वांत वाईट परिणाम म्हणावा लागेल, आणि त्यांत लशीचा अपराध कांहींच नसेल.

उपसंहार

या सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें. प्रवासाची तारीख ठरतांच, निदान सहा ते आठ आठवडे अगोदर, वैद्याची भेट घ्यावी. आजवर घेतलेल्या प्रत्येक लशीचें नांव, जात व तारीख एका वहींत लिहून ठेवावी आणि ती वही पारपत्राशेजारीं ठेवावी. ज्या देशांत जावयाचें त्याचे त्या वेळचे नियम अधिकृत ठिकाणाहूनच जाणून घ्यावे. ऐकीव गोष्टींवर विसंबूं नये. निराळ्या जातीची मात्रा घ्यावयाची झाल्यास तिचा क्रम व तिचें अंतर तज्ज्ञांस विचारावें. आणि निघण्यापूर्वींचे दोन-तीन दिवस लस न घेतां मोकळे ठेवावे.

सव्वाशें वर्षांपूर्वीं प्लेगची लस पुढें आली तेव्हां ती टोचावी कीं न टोचावी, एवढाच प्रश्न आपल्या पूर्वजांपुढें होता, आणि त्याचें उत्तर देतांना पुष्कळांस भीतीनें ग्रासलें. आज आपणांपुढें लशींची जणूं दुकानें मांडलेलीं आहेत, तेव्हां भीतीइतकाच निष्काळजीपणाहि घातक ठरतो. भित्रा मनुष्य दोन दिवसांचा ताप टाळावयास जाऊन आयुष्याचा धोका पत्करतो. उतावळा मनुष्य सर्व लशी घेऊनहि रिकाम्या हातानें निघतो. विचारी मनुष्य तापास भीत नाहीं, आणि ताप आला नाहीं म्हणून हुरळूनहि जात नाहीं. तो दिनदर्शिका पाहतो, वहींत नोंद करतो आणि वेळेवर निघतो. आईनें बांधून दिलेली शिदोरी चार दिवस पुरते. विचारपूर्वक घेतलेल्या लशींची शिदोरी वर्षानुवर्षें, कधीं तर जन्मभर पुरते. ती बांधावयास मात्र आई, बाप किंवा शिक्षक नुसती आठवण देऊं शकतात. वेळ ज्याची त्यानेंच काढावयाची असते.